बर्फाला सुरी लावायची नाही

मी ३१ वर्षं फ्रीज दुरुस्त केले. कॉम्प्रेसर बदलले, थर्मोस्टॅट बदलले, दारांची रबरं बदलली, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जोडल्या. पण सगळ्यांत जास्त वेळा पाहिला तो एकच प्रकार. जुन्या पद्धतीच्या फ्रीझरमध्ये बर्फाचे थरावर थर साचलेत, ट्रे त्यात रुतून बसलाय, आणि घरातल्या कुणीतरी सुरी खुपसून तो उचकटायला घेतलाय. सुरी बर्फ फोडते आणि मागच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात शिरते. 'फुस्स' आवाज येतो. गॅस गेला. मग मला फोन, आणि मी पोचल्यावर घरातली चारही माणसं एका सुरात, "आम्ही काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडला."

पत्र्यावरचं भोक मी न बोलता बोटानं दाखवायचो.

काम थांबवल्यानंतर दुसऱ्याच वर्षी हा प्रसंग माझ्या घरात उभा राहिला. नातवंडं सुट्टीला आली होती. थोरली नात नऊ वर्षांची, धाकटा नातू पाचाचा. धाकट्यानं आपला प्लास्टिकचा डायनासोर पाण्याच्या डब्यात बुडवून गुपचूप फ्रीझरमध्ये ठेवला होता. का, तर "तो हिमयुगात गेलाय." (डायनासोर हिमयुगाच्या कितीतरी आधीच संपले होते, हे ताईनं त्याला लगेच सुनावलं. त्यानं ते मनावर घेतलं नाही.) दुसऱ्या दिवशी त्याला डायनासोर परत हवा झाला. मी स्वयंपाकघरात गेलो तर हा स्टुलावर उभा, एका हातात डबा आणि दुसरा हात सुरीच्या दिशेनं निघालेला.

"बर्फाला सुरी लावायची नाही!" मी ओरडलोच.

"मग काय लावायचं?"

३१ वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं मला हा प्रश्न विचारला नव्हता.

डबा ओट्यावर ठेवला, पण लगेच कुणाला हात लावू दिला नाही. फ्रीझरमधून नुकताच निघालेला बर्फ उणे १५, उणे १८ अंशांचा असतो. ओलं बोट त्याला चिकटतं, जीभ तर हमखास, कारण बोटावरचं किंवा जिभेवरचं पाणीच गोठतं. दहा मिनिटं थांबलं की बर्फ वरून ओला, चकचकीत दिसायला लागतो. वरचा थर शून्यावर आला असं समजायचं, मग खुशाल हाताळा. डब्याला बाहेरून नळाचं पाणी दाखवलं तशी लादी सुटली आणि परातीत पालथी पडली. आत डायनासोर, शेपटी वर.

समोर मांडलं ते असं: औषधाच्या बाटलीचं ड्रॉपर, एक चमचा, वाटीभर कोमट पाणी, वाटीभर मीठ आणि एका पेल्यात निळ्या रंगाचं पाणी. कसं वापरायचं ते सांगितलं नाही. सांगायचा मोह फार झाला, पण आवरला.

पहिल्या झटक्यात त्यानं वाटीतलं सगळं कोमट पाणी लादीवर ओतलं. 'कट्ट' असा आवाज झाला आणि आत एक चंदेरी भेग उमटली. धाकटा दोन पावलं मागे सरकला. वरचा बर्फ एकदम गरम होऊन फुगू पाहतो, आतला अजून थंडगार, तो काही हलत नाही, त्या ओढाताणीत बर्फ तडकतो. हे मी नंतर सांगितलं. त्या वेळी त्याला इतकंच कळलं की बर्फ बोलतो. मग त्यानं लादीला कान लावला आणि पुढचा बराच वेळ तो कान काढायला तयार नव्हता. बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे सुटताना खरंच बारीक तडतड ऐकू येते. मी इतकी वर्षं बर्फात हात घातले, कान कधी लावला नव्हता.

मग मीठ. मिठाचे कण जिथे पडले तिथे टाचणीएवढे खड्डे पडायला लागले, खड्ड्यांच्या नळ्या झाल्या. ताईनं ड्रॉपरनं निळं पाणी सोडलं आणि ते त्या नळ्यांमधून आत आत उतरत गेलं, झाडाच्या मुळांसारखं. ती म्हणाली, "आबा, आतमध्ये एवढ्या वाटा होत्या आणि दिसत नव्हत्या?" वाटा आधी नव्हत्या, मिठानं आत्ताच पोखरल्या होत्या, पण मी बोललो नाही. संध्याकाळी दिवे घालवून लादीखाली टॉर्च धरला तेव्हा तिचं तिलाच कळलं, कारण जिथे मीठ पडलं नव्हतं तो कोपरा अगदी गुळगुळीत होता.

डायनासोर सुटायला एक तास वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात धाकट्यानं एकदाही टीव्ही मागितला नाही, ही नोंद त्याच्या आजीनं केली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तीन-चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर ट्रेमधले बर्फाचे खडे आणि बटणं-गोट्यांसारख्या वस्तू त्याच्या हाती नकोत, घशात अडकतात. त्यांच्यासाठी मोठ्या डब्यात मोठी वस्तू गोठवा. पाण्याची परात किंवा टब असेल तिथून मोठ्या माणसानं हलायचं नाही. आणि फरशीवर सांडलेलं पाणी तिथल्या तिथे पुसायचं. या खेळात आमच्याकडे पहिला घसरलेला माणूस मीच होतो.

दुसऱ्या दिवसापासून रीतसर काम सुरू झालं. माझ्याकडे जुनी जॉबकार्डांची वही शिल्लक होती. तिच्यात तीन रकाने छापलेले: तक्रार, कारण, उपाय. ताईनं पट्टी घेऊन तिन्ही खोडले आणि वर लिहिलं: पैज, काय झालं, का. नियम असा ठरला की पैज लावल्याशिवाय बर्फ बाहेर काढायचा नाही, आणि 'का' हा रकाना मी भरायचा नाही. हा दुसरा नियम तिचा.

पहिली पैज स्वेटरची. दोन सारखे खडे, दोन छोट्या प्लास्टिकच्या पिशव्यांत. एक नुसता ताटलीत, दुसरा लोकरीच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला. कोण आधी वितळेल? दोघंही एकदम, "स्वेटरवाला!" स्वेटर गरम असतो, त्यात विचारायचं काय? मी गप्प. फ्रीजच्या भिंतीत पफ, म्हणजे उष्णता अडवणारा फोम, भरलेला असतो तो कशासाठी, हे मला माहीत होतं, त्यामुळे ही पैज मी फुकटात जिंकणार होतो. तासाभरानं ताटलीतल्या पिशवीत नुसतं पाणी, आणि स्वेटरमधून निघालेला खडा थोडा झिजलेला, पण शाबूत.

ताईनं माझा थर्मामीटर घेतला. कामाच्या दिवसांतला, लांब सळईचा. आधी तो कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून त्यात बुडवला, शून्य दाखवतो का ते पाहिलं (ही सवय मी लावली, थर्मामीटर खोटं बोलतो की नाही हे तपासायची ही सगळ्यांत सोपी रीत). मग सळई रिकाम्या स्वेटरच्या घडीत खुपसली आणि पाच मिनिटं वाट पाहिली. आकडा खोलीच्या हवेइतकाच. तिनं पुन्हा खुपसली, बाहीत घातली, तेच. "म्हणजे स्वेटर गरम नसतोच? गरम आपण असतो?" 'का'च्या रकान्यात तिनं लिहिलं: स्वेटर दरवाजा बंद करतो. मला यापेक्षा बरं लिहिता आलं नसतं.

त्याच्या उलटी पैज तव्याची. ॲल्युमिनियमचा जाड तवा आणि लाकडी पोळपाट, दोन्ही रात्रभर ओट्यावर पडलेले. आधी हात लावून सांगायचं, गार कोण? तवा. मग बर्फ कुणावर जास्त टिकेल? साहजिकच, गार तव्यावर. खडे ठेवले आणि तव्यावरचा खडा डोळ्यांदेखत घसरायला, विरघळायला लागला. तो संपला तेव्हा पोळपाटावरचा अर्ध्याहून जास्त शिल्लक होता. धाकट्याला वाटलं तव्याखाली गॅस पेटवलाय, तो वाकून बघून आला. दोन्ही वस्तू एकाच तापमानाच्या, पण ॲल्युमिनियममधून उष्णता लाकडाच्या हजार पटींहून जास्त सहज वाहते. आपल्या हातातली उष्णता तवा भराभर ओढतो म्हणून तो गार लागतो, आणि तसाच भराभर बर्फाला देतो. एसीच्या जाळीला ॲल्युमिनियमच्या पात्या असतात त्या म्हणूनच. स्टीलच्या ताटलीवर हे करू नका. होतं, पण रंगत नाही, स्टील त्या मानानं आळशी.

पेल्याच्या घामाचा किस्सा मात्र माझ्या धंद्याचा आहे. हवा दमट असली की मला रोज फोन यायचे, "फ्रीज बाहेरून गळतोय." जाऊन बघावं तर दाराचं रबर जुनं, कडेनं गारवा येतोय आणि बाहेरच्या हवेतली वाफ पत्र्यावर थेंब होऊन बसतेय. फ्रीज गळत नाहीये, ही खोलीतली वाफ आहे, हे मी कमीत कमी हजार वेळा सांगितलं असेल. निम्म्या लोकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं की हा माणूस काम टाळतोय. धाकट्याचंही तेच मत: बर्फाच्या पेल्यातून पाणी बाहेर झिरपतं. त्याला मी समजावलं नाही. पेल्यातल्या पाण्यात लाल रंग टाकला आणि पांढरा रुमाल हातात दिला. थेंब जमले, त्यानं पुसले, रुमाल पांढराच. पुन्हा पुसले. मग पेल्यात बोट बुडवून रुमालाला लावलं, लाल डाग. बराच वेळ आळीपाळीनं तेच चाललं होतं. शेवटी तो म्हणाला, "हे पाणी पेल्याचं नाही. कुणाचं आहे?"

रंगाचा पेला आणि पांढरा रुमाल मी पिशवीत घेऊन फिरलो असतो तर निम्मी भांडणं वाचली असती.

काही प्रयोग पटकन उरकले. काठोकाठ भरलेल्या पेल्यात तरंगणारा बर्फ वितळला तरी पाणी सांडत नाही, कारण बुडालेल्या भागानं जेवढी जागा घेतलेली असते तेवढंच त्याचं पाणी होतं. ताईला हे पटलं, धाकट्याला कंटाळा आला. सरळ उभ्या प्लास्टिकच्या डब्यात दहा सेंटिमीटर पाण्यावर खूण करून गोठवलं, बर्फ जवळजवळ अकराला पोचला. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. काचेच्या बाटलीत हे करायचं नाही, फुटते. गाळलेलं पाणी फ्रीझरमध्ये न गोठता शून्याखाली नेऊन टिचकीसरशी गोठवायचा प्रयोग तीनदा केला, तिन्ही वेळा फसला. तेलातला खडा मात्र बघण्यासारखा. खाद्यतेल आणि बर्फ यांची घनता इतकी जवळजवळ असते की खडा जेमतेम तरंगतो, आणि त्यातून सुटणारे पाण्याचे गोल थेंब तेलातून संथपणे खाली उतरतात. धाकटा हनुवटी टेबलावर टेकवून बसला होता.

आता मी हरलो ती पैज.

दोन सारखे पेले. एकात साधं पाणी, दुसऱ्यात मीठ भरपूर विरघळवलेलं, दोन्ही खोलीच्या तापमानाला. निळ्या रंगाचे दोन सारखे खडे एकाच वेळी सोडायचे. आधी कोणता वितळेल? मी छातीठोकपणे मिठाचं पाणी म्हणालो. मीठ बर्फ वितळवतं, आत्ताच तर लादीला भोकं पाडली होती त्यानं. ताई, केवळ माझ्या विरुद्ध बोलायचं म्हणून, साधं पाणी म्हणाली. धाकटा माझ्या बाजूनं आला, कारण आबांना बर्फातलं सगळं माहीत असतं.

साध्या पाण्यातल्या खड्यापासून निळे धागे सुटले आणि सरसर तळाला जायला लागले, पेल्यात जणू निळा पाऊस. मिठाच्या पाण्यात एकही धागा खाली उतरेना. निळं पाणी खड्याभोवती वरच साचलं, दोन बोटं जाडीचा थर, आणि खाली स्वच्छ पाणी. जणू रेघ मारून वेगळं केलंय. साधा पेला मोकळा झाला तेव्हा मिठाच्या पेल्यात जवळजवळ अर्धा खडा तरंगत होता. ताईनं वही उघडली आणि माझ्या नावापुढे फुली मारली. पेन दाबून, दोनदा.

मी पुन्हा करून बघितलं. मीठ कमी करून बघितलं. रात्री जेवणं झाल्यावर एकट्यानं आणखी एकदा. निकाल तोच. मग पेल्याकडे बघत बसल्यावर उलगडलं, आणि ते निळ्या रंगामुळेच दिसलं. वितळलेलं पाणी गार असतं, म्हणून खोलीच्या पाण्यापेक्षा जड. साध्या पाण्यात ते खाली जातं आणि त्याच्या जागी वरून-बाजूनं कोमट पाणी बर्फाला येऊन भिडतं, सतत. मिठाचं पाणी मुळातच जास्त जड, त्यामुळे वितळलेलं गोडं पाणी त्याच्या डोक्यावर बसून राहतं. बर्फ स्वतःच्याच गार पाण्यात पडून राहतो. म्हणजे पुन्हा स्वेटर! सकाळी मी हे सांगायला तोंड उघडलं तर ताईनं वहीकडे बोट दाखवलं. 'का'चा रकाना माझा नव्हता. तिला तो भरायला दोन दिवस लागले आणि तिनं 'गोधडी' असा शब्द वापरला.

कोरडं मीठ थेट बर्फावर पडतं तेव्हा मात्र वेगळा खेळ असतो. ओला दोरा खड्यावर ठेवायचा, चिमूटभर मीठ भुरभुरायचं, एक-दोन मिनिटं थांबायचं आणि दोरा उचलायचा. खडा लटकत वर येतो. मिठानं वरचा थर वितळतो, दोरा त्यात रुततो. वितळताना आजूबाजूची उष्णता खेचली जाते, मीठ पातळ होत जातं आणि दोऱ्याभोवती पाणी पुन्हा गोठतं. धाकट्यानं याचं नाव ठेवलं गळ टाकणं. त्याचं सुरुवातीला जमेना, कारण तो मीठ मूठभर घालायचा. एवढ्या मिठात पाणी पुन्हा गोठतच नाही. चिमूट म्हणजे किती, हे शिकण्यात एक सकाळ गेली.

मीठ जास्त घालायचंच असेल तर त्याची जागा दुसरी. स्टीलच्या पेल्यात तीन भाग कुटलेला बर्फ आणि एक भाग मीठ, नीट ढवळायचं. थर्मामीटर खाली सरकत जातो. आमच्याकडे उणे १७ पर्यंत गेला. साध्या मिठानं उणे २१ च्या खाली जाता येत नाही, तिथे गणित संपतं. आणि गंमत म्हणजे या पेल्याला बाहेरून थेंब येत नाहीत, पांढरं हिम धरतं, फ्रीझरच्या कॉइलवर धरतं तस्सं. नखानं खरवडलं की पावडर निघते. फॅरनहाइट नावाच्या माणसानं आपल्या मोजपट्टीचं शून्य असंच काढलं होतं, बर्फ, पाणी आणि नवसागर (तोही एक प्रकारचं मीठच) एकत्र करून. १७२४ मध्ये त्यानं ते छापलं. ताईला हे आवडलं की ज्याच्या नावाची मोजपट्टी तापाच्या थर्मामीटरवर असते तोही बर्फात मीठच कालवत होता.

हे मिश्रण बोटांनी ढवळू देऊ नका. मीठ आणि बर्फ हातावर धरून कोण जास्त वेळ सहन करतो अशी एक खुळचट स्पर्धा मुलांमध्ये फिरते. उणे १७ अंश कातडीवर म्हणजे भाजल्यासारखीच जखम होते, आणि बधिर झाल्यामुळे दुखणंही उशिरा कळतं. मी चमचा दिला आणि पेल्याला धरायला फडकं.

मुलांपेक्षा मला स्वतःला जास्त भावलेला प्रयोग फार साधा होता. पातेल्यात बर्फ-पाणी, खाली अगदी मंद आच, एक जण सतत ढवळतोय, एक जण आकडा वाचतोय. शून्य. शून्य. एक. शून्य. आच चालू आहे, पण थर्मामीटर हलत नाही. "बिघडलाय," ताई म्हणाली. बर्फाचा शेवटचा तुकडा नाहीसा झाला आणि आकडा चालायला लागला. इतका वेळ उष्णता गेली कुठे? बर्फ मोडण्यात गेली. शून्याच्या बर्फाचं शून्याचं पाणी करायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश माणसानं १७६०च्या दशकात ही लपलेली उष्णता ओळखली.

आणि इथे मला माझा धंदा भेटला. 'दीड टनाचा एसी' म्हणतात ना, तो टन वजनाचा नसतो. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता पितो, तेवढी उष्णता खोलीतून काढणारं यंत्र म्हणजे एक टनाचं. टनही अमेरिकेतला, २००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलो. यंत्रं नव्हती तेव्हा गारवा बर्फाच्या लाद्यांनीच मोजायचे, ते मोजमाप तसंच राहिलं. मी आयुष्यभर टन टन करत आलो, पण पातेल्यात अडलेला तो काटा बघताना ते खरं माझ्या अंगात शिरलं. धाकट्यानं मात्र विचारलं, "मग आपल्या एसीत बर्फ कुठे ठेवतात?"

तारेच्या प्रयोगाला माझ्या पिशवीतली तांब्याची बारीक तार कामी आली. दोन खुर्च्यांमध्ये बर्फाची लांबट लादी आडवी ठेवली, तिच्यावरून तार टाकून दोन्ही टोकांना पाण्यानं भरलेल्या बाटल्या लटकवल्या, खाली परात. तार हळूहळू बर्फात उतरते आणि तिच्या मागे बर्फ पुन्हा जुळत जातो. बॉटम्ली नावाच्या शास्त्रज्ञानं हे १८७२ मध्ये दाखवलं होतं. बाटल्यांच्या वजनानं तारेखाली दाब पडतो आणि दाबाखाली बर्फ किंचित कमी तापमानाला वितळतो, हे त्याचं नेहमीचं कारण. पण तारेतून वाहणाऱ्या उष्णतेचाही त्यात मोठा वाटा असतो. ताईनं शेजारी नायलॉनचा दोरा तेवढ्याच वजनानं लावला होता, तो मागेच रेंगाळला. तार खाली टपकली, बाटल्या परातीत आदळल्या, लादी अखंड. धाकट्यानं ती उचलून सगळीकडून तपासली. आत तारेची पुसट पांढरी वाट दिसत होती. "कापलं की नाही कापलं?" हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं यावरून दोघांचं भांडण झालं.

शेवटच्या आठवड्यात हातोडी. एका डब्यात साधं पाणी, दुसऱ्यात पाणी आणि सुतारकामाचा भुसा, वजनानं ८६ ला १४ या प्रमाणात. दोन्ही गोठवले, फडक्यात गुंडाळले (तुकडे डोळ्यांत उडतात म्हणून) आणि अंगणात फटके. साधा बर्फ पहिल्या घावात चक्काचूर. भुशाच्या लादीला नुसता पोचा पडला. ताईनं माझ्याकडून हातोडी घेतली, मग तिच्याकडून तिच्या बापानं घेतली. याला पायक्रीट म्हणतात, जेफ्री पाइक या इंग्रज संशोधकाच्या नावावरून. दुसऱ्या महायुद्धात याचं प्रचंड जहाज बांधायचा बेत होता, आणि त्यासाठी एक बर्फाचं प्रारूप १९४३ मध्ये कॅनडातल्या पॅट्रिशिया तलावात उभंही केलं होतं, आत गार ठेवायची यंत्रणा बसवून. पुढे बेत बारगळला. त्या यंत्रणेच्या मेकॅनिकशी मला दोन गोष्टी बोलायच्या होत्या.

आणि मग ताई एक दिवस वही घेऊन आली. टांझानियातल्या एका शाळकरी मुलाची गोष्ट तिला कुठेतरी सापडली होती. एरास्टो म्पेम्बा. १९६३ मध्ये आइस्क्रीम करताना त्याचं गरम मिश्रण इतरांच्या गार मिश्रणाच्या आधी गोठलं. त्यानं वर्गात विचारलं तर त्याची चेष्टा झाली. पुढे शाळेत आलेल्या डेनिस ऑसबोर्न नावाच्या प्राध्यापकांना त्यानं तोच प्रश्न विचारला, त्यांनी तपासून पाहिलं, आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावानं लेख छापून आला. खरंच असं होतं का, कधी होतं, का होतं, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात.

"आबा, आपण बघू या ना. एक वाटी गार, एक वाटी उकळती."

उकळती वाटी. फ्रीझरमध्ये. ३१ वर्षं मी दारोदार सांगत फिरलो की गरम वस्तू फ्रीजमध्ये ठेवू नका, कॉम्प्रेसरवर ताण येतो, बर्फ साचतो, वीज खाते. माझ्या बिलबुकाच्या मागे ते छापलेलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात त्यांची आजी उभी होती आणि मी काय करतो ते बघत होती.

पाणी मीच उकळलं. सारख्या दोन वाट्या, मोजून सारखं पाणी, खाली लाकडी पट्टी, म्हणजे साचलेला बर्फ वितळून वाटी चिकटायला नको. ताईनं पैज लिहिली: आबा – गार, मी – गरम, धाकटा – दोन्ही. पहिल्या दिवशी निकाल लागला नाही, कारण धाकटा दर तीन मिनिटांनी दार उघडून बघत होता. दुसऱ्या दिवशी गार वाटी जिंकली. तिसऱ्या दिवशी दोन्हींवर एकदमच पापुद्रा दिसला, आणि पापुद्रा म्हणजे गोठलं की पूर्ण घट्ट झालं म्हणजे गोठलं, यावर वाद झाला. आता चौथी फेरी चालू आहे. दारावर ताईच्या अक्षरात कागद चिकटवलाय, 'उघडू नये'. आणि खाली धाकट्यानं, आत्ताच शिकलेल्या अक्षरांत, 'सुरी पन नाय'.